एल्गची शिकार, तोळ्यातली गोळी आणि काकांची बाराबोअर

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार उजाडला की आमचं ऑफिस ओस पडतं. स्वीडनमधल्या लुडविकात पहिल्या वर्षी मला वाटलं, फ्लूची साथ आली. लंचच्या वेळी कँटीनमध्ये आम्ही भारतीय, दोन पोलिश आणि एक रिसेप्शनिस्ट. तिनेच सांगितलं, "एल्ग-याक्ट. एल्गची शिकार. आठवडाभर कोणाला मेल टाकू नकोस."

एल्ग म्हणजे मूस, एक अवाढव्य हरीण. पाय उंटासारखे, नाक गाढवासारखं, आणि मोठा नर पाचशे किलोपर्यंत. राधानगरीचा गवा डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या निम्मं वजन धरा. तेवढं जनावर रात्री गाडीसमोर उभं राहिलं की काय होतं हे इथल्या प्रत्येक घरात कोणीतरी सांगू शकतं. त्यामुळे शिकारीकडे लोक चैन म्हणून फारसं बघत नाहीत. आपल्याकडे ऊसतोडणी ठरते, तशी ही दरवर्षी ठरते.

आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. इथे सगळे एकमेकांना नावाने आणि अरे-तुरे करतात, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला "ए" म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. मनातल्या मनात ते आजोबाच. एका संध्याकाळी कॉफी पिता पिता मी त्यांना विचारलं, "मोठ्या शिकारीला मोठी रायफल लागते म्हणतात. मोठी म्हणजे किती मोठी?"

ते उठले, आत गेले आणि येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन काडतुसं उभी केली.

पहिलं .२२ चं, खजुराच्या बीएवढं. दुसरं ६.५×५५ (पहिला आकडा बंदुकीच्या नळीच्या व्यासाचा, दुसरा काडतुसाच्या पितळी कोठीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये), साधारण मधल्या बोटाएवढं, निमुळतं. तिसरं ९.३×६२. उंचीला दुसऱ्याच्या बरोबरीचंच, पण तोंडाशी चांगलं रुंद. त्यांनी स्वयंपाकघरातला काटा आणला आणि काडतुसात भरायच्या नुसत्या दोन गोळ्या त्यावर ठेवल्या. ६.५ ची दहा ग्रॅम. ९.३ ची साडेअठरा. आपल्या सोनाराच्या आजच्या हिशेबाने एक तोळा आणि जवळजवळ दोन तोळे. माझ्या डोक्यात हा विषय त्या क्षणी पक्का बसला.

"आता सांग, एल्गला कोणती?" मी अर्थातच दोन तोळ्यांकडे बोट दाखवलं. आजोबा हसले. त्यांनी उभ्या आयुष्यात बहुतेक एल्ग एक तोळ्यानेच पाडलेत. ६.५×५५ हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वीडन-नॉर्वेच्या सैन्यासाठी केलेलं काडतूस. पुढे सैन्याच्या रायफली शिकाऱ्यांच्या हाती आल्या आणि इथल्या जंगलांत ते घरचंच झालं. ९.३ हे बर्लिनच्या ऑटो बॉक नावाच्या बंदूकवाल्याने १९०५ मध्ये काढलं, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्यांसाठी. इथे तेही पुष्कळ चालतं.

कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, एवढंच. कुठे मिलिमीटरमध्ये, कुठे इंचात. आपल्या पोलिसांची जुनी थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ इंच, ७.७ मिलिमीटर. पण या आकड्यावरून बंदुकीची ताकद ठरवायला गेलात तर फसाल. जत्रेतल्यासारख्या नेमबाजीची .२२ आणि कोल्ह्याला वापरतात ती .२२३, दोघींचं भोक जवळपास सारखंच. पहिलीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल, दुसरीची १७०० च्या आसपास. फरक काडतुसातल्या दारूचा, म्हणजे वेगाचा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. दहावीला पाठ केलेलं सूत्र स्वीडनच्या जंगलात उपयोगी पडेल असं आमच्या सरांनाही वाटलं नसेल.

म्हणून इथला कायदा भोकाकडे बघतच नाही. एल्गसारख्या मोठ्या जनावराला 'क्लास १' लागतो. गोळी दहा ग्रॅम किंवा जास्त असेल तर शंभर मीटरवर तिच्यात निदान २००० ज्यूल शिल्लक हवेत. नऊ ते दहा ग्रॅमची असेल तर २७००. हलकी गोळी आणायची तर वेगाने भरपाई करा, असा सरळ हिशेब. शिवाय गोळी आत गेल्यावर फुलणारी हवी. एल्गवर सैन्याची टणक गोळी चालत नाही, ती आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. जखमी पळालंच तर माग काढणारा कुत्रा दोन तासांत तिथे हजर करता आला पाहिजे, हाही नियमच.

आजोबांच्या शिकारी गटात एक तरुण पोरगा आहे. त्याने हौसेने .३७५ हॉलंड अँड हॉलंड घेतली. १९१२ चं लंडनचं काडतूस, साडेपाच हजार ज्यूलच्या वर. बाकीचे त्याला विचारतात, "काय रे, मोराकडून हत्ती उतरलेत का?" (मोरा हे वरच्या बाजूचं गाव.) पण गंमत बघा, आफ्रिकेत बऱ्याच देशांत हत्ती किंवा रानरेड्याला .३७५ ही कमीत कमी अट असते. इथे जी सगळ्यांत मोठी म्हणून चेष्टेचा विषय, तिथे तिच्यापासून मोजायला सुरुवात. त्यावर .४१६ आहे, .४५८ आहे, आणि जोडनळीची .४७० ही आहे. आणि तरीही त्याच आफ्रिकेत कारामोजो बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ ने. म्हणजे सात मिलिमीटर! आपल्या कॉर्बेटसाहेबांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळाली तीही रिगबी कंपनीची .२७५ रायफलच. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांची कॉलर उगीचच ताठ झाली.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे वाघ आहेत. मग तुझ्या घरी कोणती रायफल?" मी म्हटलं, शिकार १९७२ च्या कायद्यापासून बंद. पण सावंतवाडीजवळ काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बाराबोअर होती. डुकरं भातात घुसली की हवेत एक बार. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. काकू म्हणायची, "बंदूक माहेरी गेली."

"बारा बोअर म्हणजे किती मिलिमीटर?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, साडेअठरा. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एकेक गोळा जेवढा, तेवढं ते भोक. म्हणून बोअरचा आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे मोठी नळी. हिशेब केला तर आमच्या काकांची बंदूक भोकाने .४५८ च्या हत्तीमार रायफलीच्या दीडपटीहून मोठी. छऱ्यांचा दम मात्र तीस-चाळीस पावलांत संपतो. अमेरिकेत अर्ध्या इंचाहून रुंद भोकाच्या शस्त्रांना कायदा फार कडक आहे, पण शिकारीच्या छऱ्यांच्या बंदुकांना त्यातून वगळावं लागलं, नाहीतर तिथल्या सगळ्या काकांच्या बाराबोअर त्यात सापडल्या असत्या.

सप्टेंबरमध्ये आजोबा मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेले. ऐंशी मीटरवर रुळांवरून लाकडी एल्ग डावीकडून उजवीकडे धावतो. मला उभ्या एल्गवर, आजोबा खांद्याशी उभे राहिलेले असताना, ६.५ ने एक बार काढू दिला. खांद्याला कोणीतरी ओळखीच्याने थोपटावं तेवढाच धक्का. छातीवरच्या वर्तुळाच्या काठाला लागली. मग मी हट्टाने ९.३ मागितली. चाप ओढायच्या आधीच मी डोळे मिटले होते, हे मला नंतर कळलं. दणका बसला, टोपी मागे गेली, आणि गोळी लाकडी एल्गच्या मागच्या मांडीत. "हा कुठे पळून गेला असता," आजोबा म्हणाले, "आणि आपण रात्रभर कुत्र्यामागे." खांदा चार दिवस जांभळा होता. हळद-तेल लावलं.

त्या दिवशीची दोन्ही रिकामी काडतुसं आजोबांनी मला दिली. ती देवघराशेजारच्या फळीवर आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "ते पितळेचं काय गं, अगरबत्तीचं घर का?" मी लावून बघितली. ९.३ मध्ये काडी एका बाजूला कलंडते. ६.५ मध्ये जरा बरी उभी राहते.