आमची वाटचाल : पाट्यांपासून कॉइलओव्हरपर्यंत

वडिलांनी १९९१ साली गोव्यात डिचोलीला रस्त्याला लागून पत्र्याची शेड घातली, तेव्हा आमच्याकडे एकच काम होतं, टिप्परचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. खाणीवरून खनिज भरून मांडवीच्या धक्क्यांकडे जाणारे ट्रक दिवसभर दारावरून जायचे, आणि संध्याकाळी त्यांतले दोन-तीन आमच्याकडे उभे असायचे. मोडका पाटा काढायचा, नवा घालायचा, पाटा ॲक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट आवळायचे. "पहिली खेप टाकून परत ये, बोल्ट पुन्हा आवळायचेत," असं वडील प्रत्येक ड्रायव्हरला बजावत. त्या आवळणीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

सप्टेंबर २०१२ मध्ये चतुर्थी तोंडावर असताना खाणी थांबल्या. मधे थोडं सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. तीन कामगारांपैकी एक उरला. त्या वर्षांबद्दल जास्त लिहवत नाही.

२०१९ मध्ये मी जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतली. मागे पाटे, म्हणजे आमचं घरचंच काम. पुढे मात्र डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, आणि स्प्रिंगच्या पोटात शॉकअप. समोर जाड लोखंडी बंपर लावलेला असल्याने नाक खाली गेलं होतं. भाच्याने उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचे एकत्र जोड, मागवले. शेड गिऱ्हाइकांच्या गाड्यांनी भरलेली, म्हणून काम घरच्या अंगणात काढलं.

आमची लाल माती पावसानंतर महिनाभर तरी मऊ राहते. जॅक रुतू लागला, तेव्हा खाली फणसाच्या जाड फळ्या टाकल्या आणि चॅसीखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली आमच्याकडे कुणी हातसुद्धा घालत नाही. मग चाक काढलं, स्टॅबिलायझरची लिंक सोडली, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून मोकळी केली, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट सुटा केला. नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर कलतं तेव्हा त्याचा भार ब्रेकच्या पाइपवर येता कामा नये, म्हणून ते दोरीने बांधून ठेवलं. खालचा मोठा बोल्ट आणि वरचे बाजूचे छोटे नट काढले की जुना शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर येतो. त्याच्या डोक्यावरचा मधला नट मात्र घरी कधीच सोडू नये. आत स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, ती माणसाचा जीव घेऊ शकते.

बसवणं एका दिवसात झालं. चुका नंतर कळल्या, आणि त्या दोन्ही माझ्याच. उंची मी जमिनीपासून मोजली होती, आणि अंगण एका बाजूला खचलेलं. "मामा, डावी बाजू वर दिसते," असं भाचा म्हणाला होता, मी ऐकलं नाही. आता आम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजतो, आणि तेही गाडी थोडी पुढे-मागे चालवून बसू दिल्यावर. दुसरी चूक महागात पडली. चाक हवेत लोंबत असतानाच मी खालच्या आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली आली तसे आर्मच्या सांध्यातले रबरी बुश पिळले गेले आणि चार महिन्यांत फाटले. ते बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचे.

कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची कडी, ती फिरवण्याबद्दलही गैरसमज फार आहेत. कॉइलओव्हर आर्मवर आतल्या बाजूला बसतो, म्हणून कॉलर १० मिमी वर घेतली की चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो. वर घेतल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी उचलली जाते. जास्त उचलली तर चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही. मग खड्ड्यात ठोका बसतो, ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्याचं रबर फाटतं. बंपर, विंच असं वजन असेल तर जड स्प्रिंगच घ्यावी लागते. ५० मिमीच्या वर आम्ही जात नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, हललेले असतात, त्यामुळे अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी हायवेला काढू देत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या, हेही सांगतो.

हळूहळू हेच आमचं मुख्य काम झालं. चोर्ला घाटात भटकणारी मुलं येतात, सत्तरी तालुक्यातले कुळागरवाले, म्हणजे पोफळीच्या बागा असलेले, येतात. ज्यांना स्वतःच्या हाताने करायचंय त्यांच्या घरी आमचा माणूस स्टँड, कॉलर फिरवायचा हुक पाना आणि टॉर्क पाना घेऊन जातो, शेजारी बसून करवून घेतो. मला हे काम सगळ्यात आवडतं.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा त्रास वेगळा. ॲल्युमिनियमची कॉलर, पोलादी नळी आणि मधे खारं पाणी. असा एक सेट एका पावसाळ्यात गंजून इतका घट्ट धरला की कॉलर कापून काढावी लागली. तेव्हापासून आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे धरू न देणारी पेस्ट, लावतो आणि मे महिन्यात बोलावून कॉलर एकदा फिरवून परत खुणेवर आणतो.

आणि ५०० किलोमीटर झाले की प्रत्येक गाडी शेडवर येते. सगळे बोल्ट पुन्हा तपासतो, उंची पुन्हा मोजतो. त्याचे पैसे आम्हीही घेत नाही.