काठीला किनारा लागेना

“मॅडम, आपण आत्ता फूटपाथवर आहोत की रस्त्यावर?”

सरांनी विचारलं आणि मला चटकन सांगता येईना. त्या रस्त्याची रेघ न् रेघ मी काढलेली. कुठली फरशी कुठे बसणार हे तोंडपाठ. तरी मान खाली घालून बघावं लागलं. फिकट राखाडी म्हणजे चालणाऱ्यांची जागा, गडद राखाडी म्हणजे गाड्यांची. आम्ही गडद राखाडीवर होतो, चांगली दोन पावलं आत. एक विजेवरची स्कूटर अगदी जवळून सरकून गेली. ती पुढे गेल्यावरच मला कळलं की ती मागून येत होती.

उद्घाटनाला चार दिवस उरले होते.

बारा मीटर रुंदीची जुनी बाजारगल्ली. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर चालायला, मधले सहा मीटर गाड्यांना, आणि सगळं एका पातळीत. कर्ब, म्हणजे फूटपाथची उंच कड, काढून टाकायचा आग्रह माझाच होता. हान्स मॉन्डरमन हा डच वाहतूक अभियंता आमच्या पिढीच्या रस्ते-डिझायनरांचा लाडका. त्याच्या कल्पनेतून द्राख्टन गावातल्या गजबजलेल्या चौकातले सिग्नल गेले. ते चालतं कसं हे पाहुण्यांना पटवायला तो पाठमोरा चालत सरळ वाहतुकीत शिरायचा, आणि गाड्या हळू होऊन त्याला वाट द्यायच्या. पाट्या, पट्टे, कठडे कमी करा, माणसं आपोआप एकमेकांकडे बघायला लागतील, असं त्याचं म्हणणं. विद्यार्थिदशेत हे ऐकल्यापासून असा एक रस्ता आपल्या हातून व्हावा हे माझं स्वप्न होतं.

सल्लामसलत केली नव्हती असंही नाही. व्हीलचेअर वापरणारी एक मैत्रीण सुरुवातीपासून बैठकांना यायची. कर्ब जाणार म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की आम्ही ‘दिव्यांगांचे अभिप्राय’ या रकान्यात समाधानानं बरोबरची खूण केली. एका माणसाचं मत घेऊन अख्खा रकाना भरून टाकला, आणि बैठकीतल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

सर आले ते अगदी शेवटी, कुणीतरी सुचवलं म्हणून. निवृत्त शिक्षक. चाळिशीत दृष्टी गेली, आणि तेव्हापासून नव्यानं अंध झालेल्यांना काठी घेऊन चालायला शिकवतात. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी भेटले आणि सवयीनं हात धरायला गेले. ते म्हणाले, “हात नको, तुम्ही मागून या. मी चुकतो कुठे ते बघा.”

काठीची चाल मी इतकी जवळून कधी पाहिली नव्हती. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून होते. मधूनच काठी बाजूला जाऊन काहीतरी शोधते. ते काहीतरी म्हणजे किनारा: भिंत, हिरवळीची कड, बहुतेक वेळा कर्ब. किनारा लागला की माणूस सरळ चालतो. माझ्या गल्लीत भिंतीच्या बाजूला दुकानांच्या पायऱ्या आणि मांडलेला माल, म्हणून सर तिकडून निघाले आणि दुसऱ्या बाजूचा किनारा शोधू लागले. काठी टेकली, पुन्हा टेकली. सगळं गुळगुळीत. ते शोधत शोधत तिरपे होत गेले आणि रस्त्यात उतरले. ‘उतरले’ हा शब्दही चुकीचाच, कारण उतरायला तिथे काही नव्हतंच.

बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, होते की! दर दीड मीटरला एक, हे मी त्यांना जरा घाईनंच सांगितलं. काठी दोन बोलार्डच्या मधून आरामात गेली होती आणि तिच्यामागून सर. मग पाणी जायची पन्हळ. वर नुसती बारीक फट दिसावी म्हणून मी किती नमुने परत पाठवले होते! काठीचं टोक नेमकं त्या फटीत अडकलं आणि मूठ सरांच्या पोटात बसली. ते काही बोलले नाहीत. मीच दोनदा सॉरी म्हणाले.

ठिपक्यांच्या फरशीपाशी मात्र ते हसले. पायाखाली उंचवटे लागणारी ही फरशी सेइची मियाके या जपानी गृहस्थानं १९६५ साली शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. लांब पट्टे म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. आम्हीही ती बसवली होती, पण दगडाशी मेळ बसावा म्हणून राखाडी रंगाची. “अंध म्हणवणाऱ्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं, मॅडम,” सर म्हणाले. “माझ्या एका विद्यार्थिनीला पिवळी पट्टी दहा पावलांवरून कळते. राखाडीवर राखाडी कुणाला दिसणार?” ती पट्टी एका मॅनहोलच्या झाकणाला सुबक काटकोनी वळसा घालून पुढे गेली होती. सरांनी तो वळसा इमानदारीत चालून दाखवला: डावीकडे, पुढे, उजवीकडे, पुन्हा पुढे. “हे काय, रांगोळी?” त्यांनी विचारलं.

मग मी, का कोण जाणे, त्यांना मॉन्डरमनची गोष्ट सांगितली. बहुधा बचाव म्हणूनच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. “पाठमोरा चालत होता म्हणजे त्याला गाड्या दिसत नव्हत्या. पण वाटलं तर मागे वळून बघता येईल हे त्याला ठाऊक होतं ना?”

त्या संध्याकाळी मी डोळ्यांना पट्टी बांधून गल्ली चालायची तयारी दाखवली. तेही त्यांनी उडवून लावलं. “त्यानं तुम्हाला फक्त भीती कळेल. चालणं कळायला वर्ष जातं.” त्यापेक्षा फळ्या आणा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं २०, ४०, ६० आणि ८० मिलिमीटर जाडीच्या फळ्या अंतरा-अंतरानं टाकल्या. व्हीलचेअरवाल्या मैत्रिणीलाही बोलावलं. वीसची फळी सरांच्या लक्षातही आली नाही. चाळीसची दोनदा कळली, तिसऱ्यांदा ते सरळ ओलांडून गेले. साठची दर खेपेला कळली, चढतानाही आणि उतरतानाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ साली झालेल्या चाचण्यांचा आकडाही साठच आहे. मी तो वाचलेला होता. ब्रिटिश सरकारनं २०१८ मध्ये वर्दळीच्या ठिकाणी असे एकपातळी रस्ते तूर्त थांबवायला सांगितलं तेही वाचलं होतं, आणि आपली तर छोटीशी गल्ली म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मैत्रिणीचं तोंड मात्र उतरलं. “मला साठ नको, वीसही नको. मला शून्य पाहिजे. म्हणजे मी आता तुम्ही ठरवाल तिथूनच ओलांडायचं, आणि हे कुठूनही?”

“मी कुठला कुठूनही?” सर म्हणाले. “मीही तिथूनच. फक्त ते ‘तिथे’ आलं हे मला कळलं पाहिजे.”

दोघं तासभर भांडली. मी मध्ये पडले नाही, नुसतं लिहून घेत राहिले. ठरलं ते असं: गल्लीभर साठचा कर्ब, आणि पाच ठिकाणी, तीन नव्हे पाच, तो पूर्ण शून्यावर. तिथे फूटपाथच्या अख्ख्या रुंदीला पिवळे ठिपके.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालंच. फीत कापली, फोटो निघाले. आमची दुरुस्तीची यादी फायलीत, आणि तिला मंजुरी मिळायला कित्येक महिने गेले. काम सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. फूटपाथ उचलावा तर दुकानांचे उंबरे खाली जाणार आणि पावसाचं पाणी आत शिरणार. म्हणून मधला रस्ताच ६० मिलिमीटर खाली घ्यावा लागला. फरशी उखडा, खालचा थर छाटा, पन्हळ खाली बसवा, पुन्हा फरशी. ठेकेदार मला रोज विचारायचा, “मॅडम, हे आधी नव्हतं का सुचलं?”

पिवळ्या पट्ट्यांमुळे फोटो बिघडतो असं एक आर्किटेक्ट मित्र अजून म्हणतो. बिघडतो खरा.

काम झाल्यावर सरांनी गल्ली पुन्हा चालून पाहिली, या वेळी ती विद्यार्थिनीही बरोबर होती. ते कर्बच्या कडेनं टोकापर्यंत सरळ गेले, मध्ये एकदाच थांबले. “मॅडम, तुमची रांगोळी अजून आहे.” मॅनहोल दुसऱ्या खात्याचं. झाकणाच्या खोबणीत पट्ट्यांची फरशी बसवून द्या म्हणून मी पत्र दिलंय, दोनदा. उत्तराची वाट बघतेय.