मेसोपोटेमियाची ओव्हरप्रिंट तिकिटे तपासताना: माझा अनुभव

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश-भारतीय फौजांनी तुर्कांकडून घेतलेल्या बसरा ते मोसुल या पट्ट्यातली, म्हणजे मेसोपोटेमियाची (आजच्या इराकची) ओव्हरप्रिंट तिकिटे, आधी छापलेल्या तिकिटावर नंतर वेगळी अक्षरे छापलेली तिकिटे, तपासायला बसलो की मी छाप्याकडे सर्वात शेवटी पाहतो. छापाच नकली करायला सर्वात सोपा. मूळ तिकीट अस्सल आणि स्वस्त. त्यावर चार काळी अक्षरे उमटवली की किंमत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे ६३ तिकिटांचा मिश्र लॉट हाती आला तेव्हाही माझा क्रम ठरलेला होता: कागद, मग टपालाचा शिक्का, मग छापा.

आधी चार राशी केल्या. सर्वात मोठी रास 'आय.ई.एफ.'ची, म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सची. १९१४ मध्ये पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर हा छापा आला. तीन पैपासून एक रुपयापर्यंत दहा मूल्ये. बाकीच्या तीन राशी तुर्की तिकिटांच्या: १९१७ चे बगदाद, १९१८ चे इराक आणि १९१९ चे मोसुल. मोसुलचा छापा तर महसुली तिकिटांवर आहे. या भागात रुपया-आणे चालत, म्हणून या तिन्हींवर किंमत रुपया-आण्यांत आहे.

कागदासाठी, म्हणजे त्यातला वॉटरमार्क (कागद बनवतानाच उमटवलेली खूण) पाहायला, काळी वॉटरमार्क तबकडी आणि लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल पुरते. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. तिकीट पालथे ठेवून दोन-तीन थेंब टाकले की आय.ई.एफ.च्या तिकिटात तारा दिसलाच पाहिजे. इराकची १९१८ ची तिकिटे बिनवॉटरमार्कची. काही मूल्ये १९२१ मध्ये वॉटरमार्कच्या कागदावर आली, ती वेगळी काढावीत. पाण्याचा मोह मात्र टाळावा. एक आण्याच्या तिकिटाची ॲनिलिन (कृत्रिम रंगाची) लाल छटा पाण्यात सुटते आणि त्याच वाटीतली बाकीची तिकिटेही गुलाबी होतात.

शिक्क्याला मी सर्वात जास्त वेळ देतो. १० पट भिंग, टेबललॅम्प बाजूने आडवा, आणि शिक्क्याची रेघ अक्षराला छेदते तेवढीच जागा पाहायची. खऱ्या वापरलेल्या तिकिटात आधी छापा, मग शिक्का. रेघ अक्षराच्या वरून सलग जाते. छापा मागाहून मारलेला असेल तर अक्षराशी येऊन रेघ बुडते आणि पलीकडे पुन्हा निघते. दोन्ही शाया काळ्या असल्याने समोरच्या उजेडात हे कळत नाही, तिकीट हळूहळू फिरवावे लागते. तारीख १९१४ च्या आधीची निघाली तर पुढे पाहायची गरजच नाही.

आय.ई.एफ.ची हीच तिकिटे फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त इथेही गेली. मेसोपोटेमिया ठरतो तो शिक्क्यावरूनच. त्यातही 'एफ.पी.ओ.'चा नुसता क्रमांक पुरत नाही, कारण फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर सरकत असे. सहावी पुणे डिव्हिजन घ्या. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा, जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कुत. तारीख आणि क्रमांक दोन्ही वाचता आले तरच गाव सांगता येते. म्हणून कव्हरवरचे, म्हणजे टपालाने आलेल्या पाकिटावरचे, तिकीट कापू नका, अर्ध्या शिक्क्याचा तुकडा काही सांगत नाही.

आता छापा. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी छापलेले अक्षर कागदात दबते. पाठीवर हलका उंचवटा दिसतो, समोर कडेला शाईची गडद किनार आणि मध्ये किंचित फिकेपणा. लेझर प्रिंटरचे अक्षर सपाट आणि चकचकीत, भोवती पूड सांडल्यासारखे कण. इंकजेटची शाई तंतूतंतूंतून फुटते. आय.ई.एफ. मध्ये 'एफ'नंतरचा टिंब नसलेले तिकीट ही कॅटलॉगमधली मान्य जात आहे, आणि म्हणूनच टिंब ब्लेडने खरवडला जातो. पेट्रोल टाकल्यावर त्या जागी कागद पातळ, म्हणजे गडद दिसतो. भिंगाखाली तंतू उभे राहिलेले असतात.

इराकच्या राशीत त्रास कमी झाला. मूळ तुर्की चित्रमालिका लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन या छपाई कंपनीची आणि ओव्हरप्रिंटही त्यांचेच, त्यामुळे काम एकसारखे स्वच्छ. बगदादचे तसे नाही. ११ मार्च १९१७ ला शहर पडले आणि १ सप्टेंबरला हाती लागलेल्या तुर्की तिकिटांवर तिथेच छापा मारला: वर 'बगदाद', दोन्ही बाजूंना उभे 'इन ब्रिटिश' आणि 'ऑक्युपेशन', खाली किंमत. काहींवर आधीच तुर्कांचा चांद-ताऱ्याचा छापा आहे, म्हणजे शाईचे तीन थर तपासायचे. संख्या मुळात थोडी, नकला अमाप. लॉटमध्ये बगदादची सात होती; सहांच्या पाठीवर दाब नावालाही नाही. सातवे सर्व कसोट्यांना उतरले, तरी तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय मी ते अस्सल म्हणून नोंदवलेले नाही. अल्बममध्ये त्याखाली पेन्सिलीने 'तपासणी बाकी' एवढेच लिहिले आहे.