जाळं पाळीवरच भरायचं असतं

डोंग्यात जाळं गुंतलं, शिशाची दोरी तरंडांवरून (जाळं तरंगत ठेवणाऱ्या तुकड्यांवरून) आली, बॅटरी विझली, डोंगा एका अंगाला कलला. रात्रीच्या मासेमारीत जे जे बिघडतं त्यातलं बहुतेक संध्याकाळी, उजेड असताना, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, राहून गेलेलं असतं. पाण्यावर गेल्यावर ते दुरुस्त होत नाही. दोन फूट रुंदीच्या डोंग्यात अंधारात ओलं जाळं उलगडत बसणं हे फार धोक्याचं काम आहे. म्हणून इथे रात्रीपेक्षा संध्याकाळबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी तलाव समजून घ्यायचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले जुने तलाव उताराला आडवी मातीची पाळ घालून बांधलेले. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. बांधणाऱ्यांनी उतार तसाच ठेवला, त्यामुळे अशा तलावाचं पोट ओळखणं सोपं जातं: पाळीकडे खोल, पाणी येतं त्या अंगाला उथळ, आणि मधून जुन्या नाल्याची खोलगट रेघ. दिवस मावळला की मासा खोलातून उथळाकडे चरायला सरकतो. तो या नाल्याच्या रेघेने आणि पाणगवताच्या कडेकडेने येतो. जाळं त्याच्या वाटेला आडवं पडायला हवं. काठाला समांतर लावलेलं जाळं लांबून छान दिसतं, पण मासा त्याच्या बाजूबाजूने निघून जातो. एक टोक उथळात, गवताच्या कडेला, आणि दुसरं खोलाकडे, असं तिरपं लावावं. तुडुंब भरलेल्या तलावात बेशरमच्या झुडपांजवळ जाळं टाकू नये. पाण्याखालची बेशरम दिसत नाही आणि ओढताना जाळं फाटतं. पाटाच्या दाराजवळ तर कधीच नाही. दार उघडं असेल तर पाण्याची ओढ जाळ्यालाही धरते आणि ते सोडवायला उतरलेल्या माणसालाही.

तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो. संस्थेला सांगितल्याशिवाय रात्री डोंगा सोडायचा नाही. तलावात आणखी कोणाची जाळी आहेत हेही तिथेच कळतं.

आता जाळ्याचा डोळा. तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याचं, जाळं मासा कसं धरतं हे नीट कळलं की डोळा निवडायला कोणाला विचारावं लागत नाही. मासा तोंड घालतो, डोकं पार होतं, पोटाचा जाड भाग अडतो. मागे सरकायला जातो तर तंगूस कानाच्या (कल्ल्याच्या) झाकणाखाली बसतो. म्हणजे डोळ्याचा घेर डोक्यापेक्षा मोठा आणि पोटापेक्षा लहान हवा. हव्या त्या वजनाचा एक मासा घ्या. कानाच्या झाकणाशी दोरा गुंडाळून माप घ्या, मग सगळ्यात जाड भागाचं. समजा 22 सेंटिमीटर आणि 28 सेंटिमीटर भरलं, तर डोळ्याचा घेर 24 च्या आसपास हवा. डोळा ताणून दोन टोकांत जे अंतर मिळतं त्याची दुप्पट म्हणजे घेर. म्हणजे ताणलेला डोळा 12 सेंटिमीटर. याहून लहान मासा आरपार निघून जातो, आणि तो जायलाच हवा. मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावणारा यंदाची पिल्लं काढतो आणि पुढच्या वर्षीचा तलाव रिकामा करतो. करंट लावून किंवा विष टाकून मासे मारणाऱ्यांबद्दल बोलायचंच नाही, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत.

जाळं दोरीवर चढवतानाची एक चूक पुष्कळदा दिसते. जाळं महाग म्हणून ताणून ताणून लावलं जातं. ताणलेली 100 मीटर जाळी 50 मीटर दोरीवर चढवली की डोळा उभ्या शंकरपाळ्यासारखा मोकळा उघडतो आणि रोहू, मृगल नीट अडकतात. तीच 100 मीटर जाळी 75 मीटर दोरीवर ताणली तर डोळा आडवा पसरतो, जाळ्याची उंची कमी होते आणि मासा त्याला आपटून परत फिरतो. उलट फारच ढिलं ठेवलं तर मासा अडकत नाही, गुंडाळला जातो. एकेक मासा सोडवायला मग फार वेळ जातो. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. त्याप्रमाणे वजन ठरवायचं. जाळं तळाला बसवायचं तर शिसं तरंडांच्या उचलीपेक्षा भारी हवं, वर ठेवायचं तर हलकं. तरंड म्हणून जुन्या चपलांचे तुकडे चांगले चालतात, हाताखाली चुरडत नाहीत आणि पाणी पीत नाहीत. थर्माकोल दोन महिन्यांत झिजतो आणि त्याचे मणी तलावभर होतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम यापुढचं, जाळं भरणं. पाळीवर सपाट जागी पोतं अंथरावं. काटक्या, खडे झाडून टाकावेत. जाळ्याचं जे टोक शेवटी पाण्यात जाणार ते घमेल्याच्या तळाशी, आणि ते तिथेच घमेल्याच्या कडीला बांधावं, म्हणजे जाळं हातातून सुटलं तरी जात नाही. मग घड्या घालत जायचं. तरंडांची दोरी नेहमी एका अंगाला, शिशाची दोरी नेहमी दुसऱ्या अंगाला, मधे जाळी सैल. एकाही घडीत शिसं तरंडांच्या बाजूला गेलं की अंधारात तिथेच गाठ पडते. दोन माणसांनी हे करावं, एक पुरवतो, दुसरा रचतो. दर दहा-बारा हातांवर तरंडाला कापडाची चिंधी बांधून ठेवावी. बॅटरी न लावता बोटांना कळतं की आता जाळं किती उरलं. भरलेल्या घमेल्यावर ओलं पोतं टाकावं, म्हणजे वाऱ्याने तंगूस उडत नाही आणि कोणाच्या पायात येत नाही.

डोंग्यात खिळे, तारा, उघडी कडी जिथे जिथे असेल तिथे चिंधी गुंडाळून टाकायची. पत्र्याच्या डोंग्यात सांध्याच्या कडा फार असतात. शर्टाची बटणं जाळ्यात अडकतात, म्हणून बटण नसलेला बनियन किंवा टी-शर्ट बरा. हातातलं कडं, घड्याळ, करदोडा काढून ठेवावा. 5 लिटरची कापलेली कॅन पाणी उपसायला, दोरीने बांधलेली. घट्ट बूच लावलेल्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या कॅन, त्यांना धरायला दोरी. पोहता येणाऱ्यालाही त्या लागतात. डोंगा उलटला तर जाळं पायाला गुंतलेलं असतं आणि तेव्हा पोहणं उपयोगी पडत नाही. आणि एक चाकू, खिशात नाही, गळ्यात. पायातला तंगूस कापायला तोच.

बॅटरी डोक्यावरची घ्यावी, हात मोकळे राहतात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपर्यंत पांढऱ्या उजेडावर इतके किडे येतात की तोंड उघडता येत नाही. काचेवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवला की पुष्कळ कमी होतात. दुसरी बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावी.

डोंग्यात दोघंच. मागचा बांबूने किंवा वल्ह्याने डोंगा सरकवतो, पुढचा जाळं सोडतो, दोघंही बसून. उभं राहण्याची वेळ येते ती फक्त जाळं कुठे अडकलं तर, आणि तेव्हाही एकानेच. वजन भरल्यावर डोंग्याची कड पाण्यापासून वीतभर वर राहिली पाहिजे. चार बोटंच उरली असतील तर एक फेरी जास्त करावी. शब्द ठरवून घ्यावेत आणि तेवढेच बोलावेत: ‘सोडा’, ‘थांबा’, ‘मागं घ्या’. मागच्याने ‘थांबा जी’ म्हटलं की पुढच्याने हात जागीच ठेवायचा, कारण विचारायचं नाही. जाळं सोडताना डोंगा वाऱ्याच्या दिशेने जाऊ द्यावा, म्हणजे जाळं आपोआप डोंग्यापासून दूर राहतं. वाऱ्यावर चढत सोडलं तर तेच जाळं डोंग्याखाली येतं. दोन्ही टोकांना रिकामी बाटली आणि तिच्यावर सायकलची लाल चमकपट्टी, म्हणजे परतताना लांबून सापडते.

थंडीत सहाच्या आधी जाळं पाण्यात हवं. मग दर दोन-अडीच तासांनी फेरी. एप्रिल-मेमध्ये तासाभराने. पाणी कोमट असतं तेव्हा अडकलेला मासा लवकर मरतो आणि मेल्यावर लगेच सैल पडायला लागतो. सकाळी बाजारात कान पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ते फसवता येत नाही. रात्रभर जाळं सोडून घरी झोपायला जाण्याची पद्धत मोडायला हवी, असं आमचं ठाम मत आहे. त्यात मासा तर जातोच, कासवही मरतं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, वर येता आलं नाही की बुडून मरतं. कासव आणि पाणमांजर दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. जाळ्यात कासव दिसलं की तंगूस कापायचा, कासव ओढायचं नाही. दहा डोळे तुटले तर एका संध्याकाळी विणून होतात.

फेरीला जाळं उचलायचं ते खालच्या दोरीसकट, जाळीला धरून नाही. बॅटरीच्या उजेडात आधी एक तांबूस चमक दिसते, मग खवल्यांची ओळ. रोहू असेल तर डाव्या हाताने डोक्यामागे घट्ट धरावं आणि पाण्यातच, डोंग्याच्या कडेला, सोडवायला घ्यावं. कानाच्या झाकणाखाली बोट घालून बसलेला धागा आधी एका बाजूने वर काढायचा, मग दुसऱ्या. मासा शेपटीकडे ओढला तर धागा अजून आत जातो आणि कान फाटतो. अर्ध्याहून जास्त पार झाला असेल तर पुढेच काढावा. गाठीसाठी छत्रीची काडी टोकाला वाकवून केलेला आकडा फार उपयोगी. शिंगी आणि मांगूर मात्र हाताने धरू नयेत. बाजूच्या काट्यांनी टोचलं की कळ हातभर चढते. शिंगीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, कळ उतरते. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याचं कारण चहापेक्षा हे मोठं आहे.

मरळ हवा घेऊन जगते, म्हणून ती जिवंत विकता येते आणि जिवंत मरळीला भाव वेगळा. कॅनमध्ये तिच्या अंगावर येईल एवढंच पाणी, वर मोकळी जागा, झाकणाला भोकं. काठोकाठ भरून बूच लावलं की तीही गुदमरते. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांच्या थव्याखाली मरळ दिसली तर तिला हात लावू नये. नर-मादी दोघं पिल्लं राखत असतात, ती गेली की सगळा थवा इतर माशांच्या पोटात जातो.

बाकीचा मासा लगेच बर्फात. उन्हाळ्यात माशाएवढ्याच वजनाचा बर्फ, फोडलेला, थरावर थर. लादीचे मोठे तुकडे मासा दाबतात आणि मधे फट राहते. पेटीच्या तळाला भोक हवं, वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहिला तर फिका पडतो.

हवेबद्दल दोन गोष्टी. ढगाळ, वारा पडलेल्या रात्री पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. पहाटे तो सर्वांत कमी असतो. तेव्हा संस्थेला कळवावं, तलावात शेण-खत टाकणं चालू असेल तर ते थांबवायला सांगावं. आणि वीज. मे-जूनमध्ये वावधान सुटतं तेव्हा ढग दिसायच्या आधी आवाज येतो. आवाज आला की जाळं आहे तिथे सोडून काठ गाठायचा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि तो बांबूही. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली उभं राहू नये. पाळीच्या दगडात घोणस आणि मण्यार असतात, म्हणून डोंग्यातून उतरताना बूट आणि बॅटरी आधी. गोंदियाकडे काही तलावांच्या उथळात सारस रात्री उभे असतात. त्या अंगाला बॅटरी मारू नये, डोंगाही नेऊ नये.

सकाळी जाळं स्वच्छ पाण्यात खंगाळून सावलीत वाळवावं. उन्हात तंगूस कडक होतो आणि वर्षभरात हाताने तुटायला लागतो. वाळताना शेवाळ, काड्या, खवले काढून टाकावेत. फाटलेल्या जागेला चिंधी बांधून खूण करावी, नाहीतर संध्याकाळी ती सापडत नाही. दुपारी सुई आणि त्याच जाडीचा तंगूस घेऊन बसावं, डोळा जुन्या मापाचाच विणावा, म्हणून बांबूची चपटी पट्टी मापाला करून ठेवावी. तंगूसची गाठ ओली करून आवळावी, कोरडी आवळली की सुटते. उंदीर माशाच्या वासावर येतात, तेव्हा वाळलेलं जाळं घमेल्यात न ठेवता छपराच्या आढ्याला टांगावं. चार वाजले की उतरवून पुन्हा पोत्यावर, तरंडं एका अंगाला, शिसं दुसऱ्या.