गुरुवारची दुपार

मंगळवार, रात्री उशिरा

"ही एक दुपार राहू दे ना मोकळी." सहलीचा बेत बघून नवरा एवढंच म्हणाला. यात तडकण्यासारखं काय होतं? पण मी तडकले. मोकळं बसायचं तर घरचा सोफा काय वाईट आहे, त्यासाठी व्हिएतनामपर्यंत कशाला जायचं, वगैरे वगैरे. तो काही न बोलता भांडी लावायला उठला. कुकरचं झाकण जरा जोरात ठेवलं, बस.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. एवढं काय लागलं मला?

यंदा कालनिर्णय घरात आलं त्या दिवशीच ते मांडीवर घेऊन बसले होते. महाशिवरात्र रविवारी. पंधरा ऑगस्ट शनिवारी. लक्ष्मीपूजन रविवारी. एक मे शुक्रवारी आहे खरा, पण त्याच चौकोनात बुद्धपौर्णिमासुद्धा, म्हणजे दोन सुट्ट्यांची एक. चरफडले. मग त्या पौर्णिमेनंच सगळं जुळवून दिलं. व्हिएतनाममधल्या होई आनला दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात, दारोदार कंदील लागतात आणि नदीत कागदी दिवे सोडतात. त्यांचा महिना अमावास्येपासून मोजतात, त्यामुळे त्यांची चौदावी रात्र आपल्या पौर्णिमेच्या आसपासच येते. यंदा ती ३० एप्रिलला, गुरुवारी. बुध-गुरूची रजा टाकली की पुढचे शुक्र-शनि-रवि पदरात. सोमवार जोडायची सोय नाही. जोडला की आमच्याकडे सँडविच लागतं, मधली सुट्टी आणि शनिवार-रविवारही रजेतून कापतात.

मग लॅपटॉपवर तक्ता मांडून तासांची काटकसर सुरू झाली. मंगळवारी ऑफिसमधून थेट मुंबईची टॅक्सी, घाटात ट्रक आडवा पडला नाही असं धरून. रात्रीचं विमान, पाचेक तास. हनोईला उतरलो की घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे तेवढी सकाळ गेलीच. येताना तो दीड तास परत मिळतो, पण तो मिळणार मुंबईच्या इमिग्रेशनच्या रांगेत. होई आनला ना विमानतळ, ना रेल्वे स्टेशन. हनोईहून दा नांग गाठायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर गाडीनं. मला रेल्वेनं जायची फार हौस होती, पण जवळजवळ ८०० किलोमीटर, सोळा-सतरा तास. खोडली. मग हा लाँगचा उपसागर खोडला. जवळजवळ दोन हजार बेटं, एका डिलीटमध्ये.

एवढं खोडल्यावर गुरुवार दुपारची एक चौकट रिकामी उरली, ती मला बघवेना. तिथं मी-सन घातलं. चंपा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली विटांची देवळं, बहुतेक शंकराची. होई आनहून तासाभराच्या अंतरावर. का नाही घालायचं?

आमच्या रजा जातात कुठे, ते मला तोंडपाठ आहे. पुतण्याची मुंज, ताईची वास्तुशांत, बाबांचा मोतीबिंदू. उरतात त्या 'अडीअडचणीला'. बाबांचा दुसरा डोळा बाकी आहे. ते म्हणतात पावसाळ्यानंतर बघू, आणि मी लगेच बरं म्हटलं. फारच लगेच म्हटलं. असो. आईसुद्धा "जा गं, आम्ही आहोत इथे" म्हणाल्या, तेही मी एकदाच ऐकलं आणि तिकिटं शोधायला बसले.

पण ती दुपार. आत्ता लिहिताना वाटतंय, माझी रिकामी दुपार कधी माझी राहिलीच नाही. "तू आहेसच ना घरी?" या एका वाक्यावर ती जाते. प्लंबरला, सोसायटीच्या मीटिंगला, कुणाच्या तरी पार्सलला. मोकळा वेळ दिसला की कुणीतरी तो मागायच्या आत मीच कशात तरी घालून टाकते. होई आनमध्ये प्लंबर येणार नाही, हे मला कळतं. पण हात आपोआप टाइप करतो. त्याच्या मोकळ्या दुपारी मोकळ्याच राहतात बहुधा, म्हणून त्याला ती तशी मागता आली. हे त्याला सांगावं का? नको. परत कुकरचं झाकण.

झोप येईना म्हणून व्हिसाचा अर्ज उघडला. एकदाच प्रवेश हवा असेल तर फी २५ डॉलर, आणि मुक्काम ९० दिवसांपर्यंत. एकटीच हसले. अख्खं व्हिएतनाम सरकार मला तीन महिने ठेवून घ्यायला तयार आहे, गुरुवारची रजा अडलीय ती आमच्या साहेबांकडे. फोटो चष्म्याशिवाय हवा. चष्मा काढलेल्या फोटोत मी दुसरीच कुणी बाई दिसते, जिला दुपारी झोपायची सवय आहे अशी.

शिवाय आणखी एक गंमत आत्ता कळली. ३० एप्रिल म्हणजे त्यांचा १९७५ साली युद्ध संपल्याचा दिवस, एक मे कामगार दिन. त्यांनाही जोडून सुट्टी! आपण लोणावळ्याची गर्दी चुकवून निघायचं, तर ती कंदील घेऊन आपल्याआधीच तिथं उभी. हॉटेलांचे दर बघितले आणि लॅपटॉप मिटला. मग परत उघडला.

एप्रिलअखेरच्या भर उन्हात विटांची देवळं बघायला नेलं असतं तर मलाच आधी चक्कर आली असती, हेही आहे. ती चौकट रिकामी ठेवणं मात्र जमलं नाही. तिच्यात 'मोकळी' असं लिहिलं, हिरव्या रंगात.

मी-सन शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. म्हणजे हॉटेलातून पहाटे पाचला निघायचं. त्याला हे उद्या सांगेन, चहा झाल्यावर. किंवा रजा मंजूर झाल्यावरच सांगते.