अकरा रुपयांचा आहेर

आईच्या कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या लग्नातला आहेर त्यात उतरवलेला आहे. मे १९७४. रकाने तीन : नाव, रोख, वस्तू. बाबांच्या मावशीच्या नावापुढे '११ रु. व स्टीलचा डबा' असं लिहिलंय. परवा त्या मावशींच्या पणतूची लग्नपत्रिका आली आणि वही बाहेर निघाली. आमच्याकडे आहेर फेडायचा असतो, तोही वाढवून. प्रश्न एवढाच, की किती वाढवून?

ते वर्ष साधं नव्हतं. बांगलादेशचं युद्ध, ७२चा दुष्काळ आणि चौपट भडकलेलं खनिज तेल, सगळ्यांची वसुली १९७४ने केली. महागाई २८ टक्क्यांवर गेली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यालाही फार दिवस झाले नव्हते. बाबा सरकारी नोकरीत. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच सरकारने वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवला. बाबा अजून त्याबद्दल असे बोलतात, जणू कालच्या पगारातून कापलाय.

अशा दिवसांत मावशींनी ११ रुपये काढून दिले होते.

बाबांनी पत्रिकेच्या पाकिटावरच हिशेब मांडला. महागाई सरासरी ७ टक्के धरली, तर भाव साधारण १० वर्षांत दुप्पट. ११, २२, ४४, ८८, १७६, ३५२. "३५१ देऊ," ते म्हणाले. एक रुपया मावशींनी सोडून द्यायचा.

आईचा निर्देशांक सराफाकडे असतो. "तेव्हा सोनं दहा ग्रॅमला पाचशेच्या आसपास होतं, आज लाखाच्या वर आहे. दोनशे पट झालं. म्हणजे २२०० होतात." डब्याची किंमत मात्र दोघांनीही काढली नाही. त्यात अजून रवा असतो.

वहीच्या पहिल्याच ओळीत 'देवापुढे सव्वा रुपया' आहे. तो तर आता द्यायचा म्हटला तरी देता येत नाही. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातूनच गेलं. (फोनवरून पाठवता येईल म्हणा, पण आमच्या देव्हाऱ्यात अजून क्यूआर कोड लागलेला नाही.)

शेवटी ११०१वर तह झाला. अकराचे अकराशे, ऐकायला तरी बरं. नाणं चिकटवलेलं पाकीट आणलं, नाव घातलं आणि लग्नाची वेळ बघायला पत्रिका उघडली, तर तळाला बारीक अक्षरांत : 'कृपया आहेर आणू नये'.

"ते सगळेच छापतात," आई म्हणाली आणि वहीत मावशींच्या नावापुढे तिने 'फेडला' असं लिहिलं. पेन्सिलीने.