आत्या आणि बोटॉक्स

आज आत्याला न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेले होते. तिच्या अर्धशिशीवर बोटॉक्स ठरलं होतं. हे कळल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "या वयात सुरकुत्या कशाला घालवायच्यात?" अहो, महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस जिचं डोकं ठणकतं, तिला कपाळावरच्या रेषांचं काय पडलंय!

अगदी बारीक सुई. भुवया, कपाळ, कानशिलं, मग डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. ठरलेल्या 31 जागा, मिळून 155 युनिट. भुवईपाशी आत्याने माझा हात घट्ट आवळला. बाकी "मुंगी चावल्यासारखं" म्हणाली.

गंमत म्हणजे हे औषध सौंदर्यासाठी आलंच नव्हतं. अमेरिकेत 1989 मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. पापण्यांवरच्या उपचारात कपाळावरच्या आठ्याही विरतात, हे कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना त्यांच्या पेशंटमुळे उमगलं. आठ्यांसाठीची मान्यता 2002ची, जुनाट अर्धशिशीसाठीची 2010ची.

मूळ पदार्थ मात्र जहाल विषच. सूक्ष्म मात्रेत ते नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं आणि तीन-चार महिन्यांत असर ओसरतो. म्हणून दर 12 आठवड्यांनी पुन्हा टोचणं. हे कुणा अर्धवट शिकलेल्याकडून पार्लरमध्ये टोचून घेणाऱ्यांच्या धाडसाला माझा दुरूनच नमस्कार.

आत्याची मान जरा आखडलीय. फरक कळायला एक-दोन फेऱ्या जातील म्हणे. तोवर डोकेदुखीची डायरी लिहायचं काम माझ्याकडे.